थालीपिठाचा जमाखर्च

मी बी. कॉम. झालो त्याला आता पंचवीस वर्षं होत आली. बँकेत कारकुनी मिळण्यापलीकडे या पदवीचा मला एकच उपयोग झाला. कुठलीही गोष्ट समोर आली, की मी आधी तिचा जमाखर्च मांडतो. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. लग्न झाल्यावर संसाराचाही मांडला होता. तो अजून जुळलेला नाही, आणि तो जुळवत बसू नये असा वरिष्ठांचा (म्हणजे घरातल्या) सल्ला आहे.

अशा माणसानं इतिहास लिहावा हे आमच्या धुळ्यात तरी धाडसाचंच काम. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ या गावात १९२७ साली स्थापन झालं. राजवाड्यांनी एकेका कागदासाठी गावोगाव पायपीट केली. त्यांच्या गावात मी बटाट्याच्या थालीपिठाचा इतिहास सांगायला बसणार! पण माझीही एक बाजू आहे. राजवाड्यांना पुरावा वाळवी लागलेल्या पेटाऱ्यांतून मिळे, मला तो तव्यावर मिळाला, आणि गरम मिळाला.

त्याचं असं झालं. मी नोकरीला जळगावात आणि माय धुळ्यात, थोरल्या भावाकडे. इंग्रजांनी १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळं. आमच्या घराच्या वाटण्याही बरोबर त्याच रेषेवर झाल्या. त्यामुळे सुट्टीला जोडून सुट्टी आली, की मी एस. टी.नं एरंडोल-पारोळा करत पूर्व खानदेशातून पश्चिम खानदेशात जातो आणि मायच्या हातचं खाऊन परत येतो.

भावाचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, कार्डिफला असतो. कार्डिफ ही वेल्सची राजधानी. दोन वर्षांपूर्वी त्यानं तिथल्याच एका मुलीशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं आणि मग फोन करून कळवलं. दादा दोन दिवस बोलला नाही. वहिनी दोन दिवस रडली. माय यातलं काहीच करीना. ती फक्त एवढंच करू लागली, की कार्डिफचा फोन आला, की तिचे हात ओले असायचे. "आजीला दे ना," असं पोरगं तिकडून म्हणायचं आणि इकडून माय मोरीतून सांगायची, हात ओले आहेत म्हणावं. दोन वर्षं ते हात वाळले नाहीत. धुळ्यात उन्हाळ्यात धुतलेलं धोतर दहा मिनिटांत वाळतं, हे लक्षात घेतलं म्हणजे या प्रकरणाचं गांभीर्य ध्यानात येईल.

गेल्या आषाढात ती दोघं धुळ्याला आली. सूनबाई वेल्समधल्या कार्मार्थनकडची. उंच, लाजाळू, नाकावर तांबूस ठिपके. तिनं मायला वाकून नमस्कार केला. मायनं आशीर्वाद दिला, पण तो तिच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीला दिला. तिसऱ्या दिवशी पुतण्यानं वहिनीच्या कानात सांगितलं, की हिला आजीसाठी काहीतरी करायचं आहे. तिच्या 'मामगी'ची, म्हणजे वेल्श आजीची, बटाट्याची पोळी. थालीपीठच म्हणा ना. त्यात लीक नावाची भाजी घालतात आणि चीज घालतात.

वहिनीच्या हातातली पळी खाली पडली. मला जळगावला फोन गेला. "तुम्ही शिकेल माणूस. मायचं मन वळवा. हे काही परक्यांचं खाणं नाही, आपलंच आहे, असं काहीतरी इतिहासातून काढा." आमच्या घरात शिकेल माणूस म्हणजे मी. यावरून घराची कल्पना यावी.

मी दोन रात्री वाचन केलं आणि शुक्रवारी संध्याकाळी मायपुढे जमाखर्च मांडला.

"माय," मी म्हटलं, "एकादशीला आपण काय काय खातो ते सांग."

मायनं बोटं मोडून सांगितलं. बटाटा, साबुदाणा, शेंगदाणे, हिरवी मिरची, रताळं, राजगिरा, भगर, शिंगाडा.

"ज्ञानेश्वर माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली १२९० साली. त्या वेळी आळंदीत, पंढरपुरात किंवा आपल्या धुळ्यात यातल्या पहिल्या सहापैकी एकही जिन्नस नव्हता. हे सगळे अमेरिका खंडातले. कोलंबस तिकडे गेला १४९२ साली. वास्को-द-गामा कालिकतला उतरला १४९८ साली. त्यानंतर फिरंग्यांच्या जहाजांतून एकेक पाहुणा इकडे येऊ लागला."

माय माळ ओढत होती. माळ थांबली नाही, पण मणी हळू सरकू लागले. मला हुरूप आला.

बटाटा हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. पेरू आणि बोलिव्हियाच्या उंच पठारांवर तिथले लोक तो हजारो वर्षं पिकवत होते. सोळाव्या शतकात स्पेनच्या लोकांनी तो युरोपात नेला. आपण त्याला ज्या नावानं ओळखतो ते पोर्तुगीजांनी दिलं, आणि तेही त्याचं स्वतःचं नाही. कॅरिबियन बेटांवर 'बटाटा' म्हणजे रताळं! रताळ्याचं नाव या नव्या कंदाला चिकटलं आणि गोव्यापासून गुजरातपर्यंत तेच रूढ झालं. उत्तरेकडे 'आलू' म्हणतात. पण आलू किंवा आलुक हा शब्द संस्कृतात निराळ्याच कंदांना होता. म्हणजे दोन्हीकडे दुसऱ्याच्या नावावर खातं उघडलेलं! आमच्या बँकेत एवढ्यावर चौकशी लागली असती.

त्याला आपल्या खानदेशाची वाटही नवी नाही. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ साली सुरतेहून निघाला तो खानदेश ओलांडून बऱ्हाणपूरला पोचला. त्याचा पाद्री एडवर्ड टेरी यानं आसफखानाच्या एका मेजवानीचं वर्णन लिहून ठेवलं आहे, आणि त्या ताटात त्यानं बटाटे वाढलेले आहेत. पंडित म्हणतात, ते बटाटे नसून रताळी असावीत. नावाचा घोटाळा हा असा फार जुना आहे. आपल्याकडे बटाट्याची खरी लागवड वाढली ती इंग्रजांच्या अमलात. १८२८ नंतर महाबळेश्वर वसलं. तिथं सरकारनं चिनी कैदी आणून ठेवले होते. त्या कैद्यांनी तिथल्या लाल मातीत बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या. म्हणजे पेरूचा कंद, फिरंग्यांचं नाव, इंग्रजांचं राज्य, चिन्यांची मेहनत, आणि उपास आपला!

साबुदाण्याची गोष्ट तर याहून अलीकडची. तो बनतो कसावा नावाच्या कंदाच्या सत्त्वापासून. कसावा दक्षिण अमेरिकेचा. त्याच्या साबुदाण्याचे कारखाने तामिळनाडूत सेलमच्या बाजूला निघाले ते १९४० नंतरच्या दशकात. म्हणजे आपली साबुदाण्याची खिचडी फार तर मायच्या वयाची. खास आपल्या मातीतलं म्हणावं तर भगर आणि शिंगाडा. आणि ते कोणी आवडीनं खात नाही.

मी वही मिटल्यासारखे हात केले. "तात्पर्य काय माय, की सगळं बाहेरून आलेलं आणि आपण ते आपलं केलेलं. मग बटाट्याची आणखी एक पोळी बाहेरून आली तर काय बिघडलं?"

मायनं माळ डोळ्यांना लावली आणि शांतपणे विचारलं, "म्हंजे इतला वरीस मना उपास मोडेल व्हता का?"

या प्रश्नाला माझ्या दोन रात्रींच्या वाचनात उत्तर नव्हतं. माझा जमाखर्च तिथंच बुडाला. दादा बाहेर चपला शोधायला गेला. माय उठली आणि दिवा लावायला देवघरात गेली. पण जाता जाता म्हणाली ते महत्त्वाचं. "उद्या करू दे तिले. पोर तव्याशी बसस की नही ते तरी दखू."

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी मी, पुतण्या आणि सूनबाई असे पाच कंदिलाजवळच्या बाजारात गेलो. लीक ही कांद्याच्याच कुळातली भाजी. पांढरा जाड दांडा, वर हिरवी पात, कांद्याहून सौम्य. वेल्सचं ते राष्ट्रचिन्ह आहे. १ मार्चला त्यांचे संत डेव्हिड यांचा दिवस असतो. त्या दिवशी लोक अंगरख्याला चक्क ही भाजी टोचून मिरवतात. दंतकथा अशी, की एका लढाईत आपली माणसं ओळखू यावीत म्हणून वेल्श शिपायांनी टोपीत लीक खोवली होती. हे मी भाजीवालीला सांगितलं. ती म्हणाली, "भाऊ, मिरवाले पाहिजे की खावाले?" आम्ही खावाले म्हणून कांद्याची पात घेतली. जळगावी भरतात जी पात पडते तीच ही. भरताच्या वांग्याला सरकारनं भौगोलिक मानांकन दिलं. पातीला कोणी विचारत नाही, आणि पातीवाचून भरीत होत नाही.

चीजचा प्रश्न मायनं आदल्या रात्रीच उपस्थित केला होता. दूध कशानं फाडतात? सूनबाईनं पिशवीतून कॅरफिली नावाचं तिच्या देशातलं चीज आणलं होतं. कॅरफिली हे कार्डिफच्या उत्तरेचं गाव, आणि कोळशाच्या खाणीतले मजूर हे चीज डब्यात नेत म्हणतात. पुतण्या खरं बोलणारा. तो म्हणाला, चीजला पूर्वी वासराच्या जठरातला रस वापरत, आता बरेच ठिकाणी निराळं वापरतात. एवढं 'बरेच ठिकाणी' पुरे होतं. कॅरफिली कपाटात गेलं आणि आग्रा रोडवरून हिरव्या ठिपक्याचं देशी चीज आलं.

वाटेत सूनबाई बोलत होती आणि पुतण्या मराठी करून सांगत होता. तिच्याकडे बटाट्याला 'तातुस' म्हणतात. पण पोळीला जोडून आला, की त्याच शब्दाचा 'दातुस' होतो : 'तेयसेन दातुस'. मी म्हटलं, यात नवल काय, आमच्याकडे 'बटाटा'सुद्धा पिठाला जोडून आला की 'बटाट्या' होतो. त्यांच्याकडेही जाड लोखंडाचा सपाट वाटोळा तवा असतो. मामगीचा तवा तिच्या आईच्या आईचा. इंग्रज त्यांच्या गरिबीची टिंगल करत. वेल्श माणसाला ससा परवडत नाही म्हणून तो पावावर चीज वितळवून खातो आणि त्याला ससा म्हणतो, असं म्हणून त्या पदार्थाला अठराव्या शतकात नाव पडलं 'वेल्श रॅबिट'. मला पुण्यातल्या एका लग्नाच्या पंगतीची आठवण झाली. तिथं आमच्या शेवभाजीला एका गृहस्थांनी 'फरसाणाचं कालवण' म्हटलं होतं.

मग ती एकदम म्हणाली, "आजी स्वयंपाकघरात बोलतात ती कोणती भाषा? तुम्ही बँकेतल्या फोनवर बोलता ती ती नाही."

मी म्हटलं, "ते काही नाही. अहिराणी. घरगुती. खेडवळ."

ती थोडा वेळ गप्प चालली. मग तिनं सांगितलं, की एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाचा एक तुकडा अडकवत. तो पोरगा दुसऱ्या कुणाला वेल्श बोलताना पकडेपर्यंत तुकडा त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात राहील त्याला छड्या. तिच्या घरातही त्या तुकड्याची गोष्ट सांगत आले आहेत. त्याच भाषेला २०११ साली अधिकृत दर्जा मिळाला. "म्हणून विचारलं," ती म्हणाली.

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आमच्या शाळेत तुकडा नव्हता. नुसतं हसत. 'शे' म्हटलं, की सगळा वर्ग हसायचा. तेवढ्यानं काम भागलं होतं. बहिणाबाईंची गाणी पुस्तकरूपानं १९५२ साली आली, तेव्हा खानदेशातल्या बायकांच्या तोंडची बोली साऱ्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली. पण डोक्यावर घेतलेली वस्तू जिभेवर ठेवता येतेच असं नाही.

असो. अकरा वाजता पोळ्यांना सुरुवात झाली. सूनबाईनं बटाटे उकडून कुस्करले. लोण्यात पात मऊ परतली. मूठभर मैदा, चीज किसून, मीठ, मिरपूड. गोळा करून थापला आणि तव्यावर टाकला. पहिली पोळी पसरली. दुसरी उलथताना तिची तीन राज्यं झाली. तिसरी तव्याला अशी बसली, की तवाच उलथावा लागला. पावसाळी हवा, धूर, घाम. आपल्या बटाट्यात पाणी जास्त, आपला तवा पातळ, अशी कारणं मी दारातून पुरवत होतो. इतिहासकाराचा तव्याला उपयोग नसतो. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुरानं, असं ती म्हणाली. सुनांच्या डोळ्यांतल्या पाण्याचं हे कारण सर्व देशांत एकच आहे.

माय देवघराच्या उंबऱ्यावर बसून पाहत होती. एकदम तिचा आवाज आला. "मझार भोक पाड व माय!"

सूनबाईनं वळून पाहिलं. पुतण्या भाषांतर करायला तोंड उघडतो तोच माय उठून तव्याशी आली. कळणाच्या पिठाचा डबा काढला. ज्वारीबरोबर उडीद दळलेलं आमच्याकडचं पीठ. दोन मुठी त्या गोळ्यात घातल्या, हिरवी मिरची ठेचून घातली, फडकं ओलं केलं, सूनबाईचा हात धरला आणि त्या हातानं थालीपीठ थापलं. मधे बोटानं भोक. भोकात तेल. कडेनं तेल. झाकण.

मी मनात जमाखर्च मांडत होतो. बटाटा पेरूचा. मिरची अमेरिकेची. कांद्याचं मूळ मध्य आशियाकडचं. चीजची तऱ्हा विलायती. एवढंच काय, ज्वारीसुद्धा चारेक हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेली. त्या तव्यावर अस्सल या देशातला एकच होता, उडीद. आणि तोच या सगळ्या पाहुण्यांना धरून ठेवत होता.

थालीपीठ उलथलं. अखंड! खालून तांबूस, कडेला चीजची जाळी. तेवढ्यात वहिनीला आठवलं. ती दचकून म्हणाली, "माय, पात शे त्यात! चातुर्मास लागी राहिना. तुम्ही खाशात का?"

सगळे थांबले. चार महिने माय कांद्याला शिवत नाही. एवढं सगळं होऊन पहिला घास अडणार, असं वाटलं. मायनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आषाढ शुद्ध नवमी. चातुर्मास लागायच्या आधी घरातला कांदा खाऊन संपवायचा म्हणून आपल्या पूर्वजांनी मोठ्या दूरदृष्टीनं लावून दिलेला दिवस, कांदेनवमी!

"आज नवमी शे," माय म्हणाली. "चालस."

तिनं एक तुकडा मोडून तोंडात घातला. आम्ही सातजण तिच्या जबड्याकडे पाहत उभे. तिनं दुसरा तुकडा मोडला. तो सूनबाईच्या तोंडात घातला.

सूनबाई म्हणाली, "दिओल्ख." वेल्शमध्ये आभार मानतात ते असे. मायनं पुतण्याला विचारलं नाही, की याचा अर्थ काय. ती म्हणाली, "हां माय, हां."

दोन दिवसांनी एकादशीला तेच थालीपीठ झालं. पात, चीज आणि कळण वजा. शेंगदाण्याचं कूट आणि राजगिऱ्याचं पीठ जमा. उपास मोडला की नाही याचा निकाल लागायचा आहे. सूनबाईनं वहीत कृती लिहून घेतली. मोजमापाच्या जागी रोमन लिपीत लिहिलं होतं 'मझार भोक'.

सोमवारी बँकेत पारोळ्याकडचे एक आजोबा पैसे काढायला आले. पावती उलटसुलट करत उभे. पंचवीस वर्षांच्या सवयीनं मी 'आपलं काय काम आहे?' असं म्हणणार होतो. का कोण जाणे, तोंडातून निघालं, "काय काम शे, बाबा?" आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि आधी माझं गाव विचारलं, मग काम सांगितलं. ही बातमी कशी फुटते देव जाणे, पण त्या आठवड्यापासून माझ्या काउंटरपुढची रांग सगळ्यात लांब असते. सद्वर्तनाचं फळ बँकेत असं तत्काळ मिळतं.

परवा मी धुळ्याला असताना कार्डिफचा फोन आला. माय कळण भिजवत होती. हात कोपरापर्यंत पिठात. वहिनी सवयीनं फोनमध्ये म्हणाली, "त्यांचे हात..." तोच माय ओरडली, "अव, कानले लाव ना!"

वहिनीनं फोन तिच्या कानाला लावला. मग माय अहिराणीत सांगत होती आणि तिकडून सूनबाई वेल्शमध्ये हो म्हणत होती. मधूनच पुतण्याचा आवाज आला, "आजी, मी सांगू का तिला काय म्हणतेस ते?"

"तू गप ऱ्हाय," माय म्हणाली. "तुले थालीपीठमधलं काय समजस?"